तेरावे वचन कोठे गेले?

यहुद्यांचा धर्म नियमांचा आणि आपला धर्म प्रेमाचा, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते पवित्र शास्त्रातच कोठेतरी असावे असे वाटू लागते. प्रवचनात ते येते, धर्मशिक्षणाच्या वर्गात येते. आणि कोणी एखाद्या नियमावर बोट ठेवलेच, तर त्याला ‘परूशी’ म्हणून आपण मोकळे होतो. हे वाक्य खोटे आहे. त्याहून वाईट म्हणजे, ते आपल्या सोयीचे आहे.

शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे ही प्रभू येशूची आज्ञा आपण मुलांना शिकवतो. ती त्याने कोठून घेतली, हे मात्र क्वचितच सांगतो. लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायातील ते १८ वे वचन आहे. त्याच्या पाचच वचने आधी, १३ व्या वचनात, रोजंदारी मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवून घेऊ नये, अशी आज्ञा आहे.

आता आपला वाचनपाठ पाहा. ‘अ’ वर्षातील सामान्य काळाच्या सातव्या रविवारी हाच अध्याय पहिले वाचन म्हणून येतो. पण पहिली दोन वचने झाली की एकदम १७ आणि १८. गरिबांसाठी शेताच्या कडा न कापता सोडणे, मजुराची मजुरी, आंधळ्याच्या वाटेत अडखळण न ठेवणे, हे सारे मध्ये राहून जाते. ११ ते १८ ही वचने उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातील सोमवारी वाचली जातात, हे खरे; पण त्या सकाळी मिस्सेला किती बाके भरतात, हे वाचकांना सांगायला नको. वाचनपाठ रचणाऱ्यांना मी दोष देत नाही. रविवारचा वेळ मोजका असतो. दोष आपला, की जे ऐकू आले नाही ते घरी उघडूनही आपण पाहिले नाही.

यहुदी सभास्थानात असे गाळता येत नाही. मोशेचे पाच ग्रंथ, म्हणजे तोरा, ५४ भागांत विभागलेली आहे. ती शब्बाथमागून शब्बाथ क्रमाने वाचून वर्षात पूर्ण होते, आणि ज्या दिवशी शेवट वाचला त्याच दिवशी उत्पत्तीचा आरंभ पुन्हा होतो. बोचणारे वचनही ठरल्या वेळी समोर येतेच. नेहामा लिबोविट्झ (१९०५–१९९७) या जेरुसलेमच्या विदुषीने १९४२ पासून सुमारे ३० वर्षे दर आठवड्याच्या भागावर प्रश्नपत्रिका काढल्या. सैनिक, शेतकरी, शिक्षक उत्तरे टपालाने धाडत आणि बाई ती लाल शाईने तपासून परत पाठवत. शास्त्र हे नुसते ऐकण्याचे नसून उत्तर देण्याचे आहे, ही त्यामागची श्रद्धा.

मजुरीची आज्ञा अनुवादाच्या २४ व्या अध्यायात पुन्हा येते: सूर्यास्तापूर्वी पैसे द्यावे, कारण गरिबाचा जीव त्यावर टांगलेला असतो. तालमूदमधील शास्त्री विचारतात, हा माणूस शिडीवर चढला, झाडाला लोंबकळला, मरणाच्या दारात गेला, तो कशासाठी? मजुरीसाठीच ना? ही कोरडी नियमबाजी आहे काय? आपल्या कोकणातील बेने इस्राएलांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शब्बाथच्या आज्ञेत चाकराबरोबर बैलाचाही विसावा आहे. नियमाने प्रेमाला हातपाय दिले, ते असे.

कोणी म्हणेल, दर आठवड्याला वाचणारे सगळे तसे वागतात का? नाहीत. संदेष्ट्यांची सारी तक्रार वाचणाऱ्यांविरुद्धच होती. पण ‘हे आम्हांला ठाऊक नव्हते’ असे त्यांना म्हणता येत नाही, आणि आपण तेच म्हणत आलो. खरे तर आपल्यालाही तसे म्हणण्याचा अधिकार नाही. मजुराची मजुरी अडवणे हे स्वर्गाकडे आक्रोश करणारे पाप आहे, ही आपल्या ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये तिचे स्मरण जगाला करून दिले. पोप जॉन पॉल दुसरे १९८६ मध्ये रोमच्या सभास्थानात गेले आणि यहुद्यांना आपले ज्येष्ठ बंधू म्हणाले. थोरल्या भावाकडून धाकट्याने शिकायचे असते.

तेव्हा प्रेमावर पुढचे प्रवचन ऐकण्यापूर्वी आपण प्रत्येकाने घरचा हिशेब काढावा. भांडी घासणाऱ्या बाईचा पगार ‘सण आटोपू दे’ म्हणून थांबला आहे काय? पागोळीचे काम करून गेलेला गवंडी तिसऱ्यांदा दारावरून परत गेला काय? असेल, तर अठरावे वचन तोंडाने म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. आधी तेरावे पाळावे. तेही दिवस मावळण्यापूर्वी.