गाडीवाट आणि उंचीचे आकडे

बदलापूर पूर्वेच्या कात्रप भागात ज्या वेगाने नव्या इमारती उभ्या राहिल्या, त्याच वेगाने त्यांच्या आवारांत उंच, चौकोनी आणि चारही चाकांना बळ पुरविणाऱ्या गाड्या येऊन उभ्या राहू लागल्या. आणि ज्या घरी अशी गाडी आली, त्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांत महिंद्रची थार श्रेष्ठ, फोर्सची गुरखा श्रेष्ठ की मारुतीची जिम्नी श्रेष्ठ हा वादही ओघानेच आला. हा वाद बहुधा एका आकड्यापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. कंपनीच्या पत्रकात जमिनीपासूनची उंची थारची २२६ मिलिमीटर, २०२४ च्या गुरखाची २३३ आणि जिम्नीची २१० अशी छापलेली असते. सबब गुरखा पहिली, थार दुसरी, जिम्नी तिसरी असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. हा निकाल मला मान्य नाही. खडबडीत वाटेवरील गाडीची योग्यता एका आकड्यावर ठरविणे हे गाडीवरही अन्यायकारक आहे आणि तिच्यासाठी लाखो रुपये मोजणाऱ्या गृहस्थावरही.

अशा गाड्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने १९४७ पासून अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून वनखाते, महसूलखाते आणि लष्कर यांचा दुर्गम मुलखाशी असलेला व्यवहार या गाडीवाचून होईनासा झाला. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. ती हलकी आणि काटक असल्यामुळे लष्कराने तिला पुढे कित्येक वर्षे जवळ केले. आजची थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते, आणि गुरखा काढणारी फोर्स मोटर्स म्हणजे पुण्याच्या आकुर्डीची, फिरोदिया घराण्याची, पूर्वीची बजाज टेंपो. स्पर्धेतल्या तीन गाड्यांपैकी दोन महाराष्ट्रातील उद्योगांच्या आहेत, याचे मला समाधान वाटते. परंतु परीक्षा करताना हे समाधान बाजूला ठेवलेच पाहिजे.

आता परीक्षा करावयाची ती कोठे? कात्रपहून बाहेर पडले की एका अंगाला कोंडेश्वराची आणि दुसऱ्या अंगाला बारवी धरणाची दिशा लागते, पलीकडे चंदेरी आणि तावलीचे कडे उभे असतात, आणि त्यांच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांकडे डांबरी सडक संपल्यावर जी वाट जाते, ती बहुतेक ठिकाणी जुनी गाडीवाटच असते. या वाटेकडे वाकून पाहावे. वर्षानुवर्षे चाके फिरून दोन चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये गवताचा, मुरमाचा, क्वचित काळ्या दगडाचा एक लांबट उंचवटा उरलेला असतो. गाडीची दोन्ही चाके चाकोरीत उतरली की हा उंचवटा थेट गाडीच्या पोटाकडे येतो आणि सर्वांत आधी गाठतो तो मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या लोखंडी गोळ्याला, ज्याला गॅरेजातले लोक डिफरन्शियल म्हणतात.

इथे पत्रकातील आकड्याचे अपुरेपण उघडे पडते. तिन्ही गाड्यांचा मागचा आस अखंड आहे. अशा आसावर स्प्रिंग कितीही उंच बसविल्या, तरी वर जाते ते गाडीचे शरीर. गोळा आहे त्याच जागी राहतो, कारण तो चाकांशी जखडलेला असतो. त्याला उचलण्याचा उपाय एकच आणि तो म्हणजे मोठे चाक. थार आणि गुरखा यांच्या १८ इंची टायरचा व्यास हिशेबाने सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो, तर जिम्नीच्या १५ इंची टायरचा सुमारे ६९३. म्हणजे आसाच्या मध्यबिंदूच्या उंचीत जवळजवळ ४८ मिलिमीटरचे, दोन बोटांहून अधिक अंतर पडते. पत्रकातील २२६ आणि २१० या आकड्यांत मात्र केवळ १६ मिलिमीटरचा फरक दिसतो. या मुलखातील बैलगाडीला स्प्रिंग नव्हती, पाटे नव्हते, तरी ती चिखलातून निघत असे, ती मोठ्या चाकाच्या आणि उंच आखाच्या जोरावर. ही गोष्ट आमच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागली नाही.

पुढच्या आसाची कथा निराळी आहे. जिम्नीचा पुढचा आसही अखंड आहे. थार आणि गुरखा यांची पुढची चाके मात्र एकमेकांपासून स्वतंत्र झुलतात. या स्वतंत्र झुलण्यामुळे काटई-बदलापूर रस्त्यावर ताशी साठ-सत्तरच्या वेगाने जाताना गाडी स्थिर राहते आणि सुकाणू हातात निश्चिंत वाटते, हा लाभ रोज कल्याण-ठाण्याला जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने लहान नाही. पण दगडावर एक चाक चढले की अखंड आस दुसऱ्या चाकाला खाली दाबतो आणि आपल्या गोळ्याला वर उचलतो. स्वतंत्र रचनेत चाक एकटे वर जाते, आणि गोळा सांगाड्याशी बांधलेला असल्यामुळे जिथल्या तिथे राहतो, किंबहुना गाडी माणसांनी भरली की सांगाड्याबरोबर आणखी खाली येतो. ताशी दहा किलोमीटरच्या चालीने ओबडधोबड दगडांतून जावयाचे असेल, तर कमी उंचीची म्हणून हिणवली जाणारी जिम्नीच पुढच्या बाजूला अधिक निर्धास्त ठरते, असे माझे मत आहे.

गाडीवाट जिथे ओहोळ तिरपा ओलांडते, तिथे काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. पुढचे डावे चाक पलीकडच्या काठावर चढू लागते. सारा भार त्याच्यावर आणि मागच्या उजव्या चाकावर येतो, आणि पुढचे उजवे व मागचे डावे ही दोन चाके हळूहळू हलकी होत जाऊन अखेर अधांतरी लोंबू लागतात. इंजिनाचे बळ वाटून देणारा गोळा स्वभावतः ज्या चाकाला विरोध नाही त्यालाच फिरवितो, म्हणून लोंबती चाके हवेत गरगरतात आणि गाडी तसूभरही हलत नाही. यावर तिघींनी तीन तजविजी केल्या आहेत. गुरखामध्ये पुढचा व मागचा असे दोन्ही गोळे चालकाला आपल्या हाताने जखडता येतात. थारच्या काही प्रकारांत मागचा गोळा चाकांच्या गतीतील तफावत ओळखून आपोआप जखडला जातो. जिम्नी ही केवळ गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून बळ दुसऱ्या चाकाकडे वळविते. या कसोटीला गुरखा निःसंशय सरस आहे. तथापि ज्या गाडीची चाके मुळात जमीन सोडत नाहीत, तिला जखडण्याची पाळीच कमी येते, आणि चाक किती खाली उतरू शकते व किती वर दबू शकते हा आकडा विक्रीच्या पत्रकात दिलेला माझ्या पाहण्यात नाही.

मापाच्या आणखी एका बाबतीत मला खेद वाटतो. मूळ तीन-दारी जपानी जिम्नीच्या दोन आसांतील अंतर २२५० मिलिमीटर आहे. आमच्याकडे मागच्या माणसांना दार असावे म्हणून २०२३ साली ते २५९० करण्यात आले, आणि मधला उंचवटा पोट न घासता ओलांडण्याचा कोन २८ अंशांवरून २४ वर आला. कुटुंबाची सोय झाली हे खरे. पण ज्या गुणासाठी गाडी घेतली त्यातला काही भाग त्या सोयीच्या मोबदल्यात गेला, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. तरीही जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर, थारची १८२० आणि गुरखाची १८६५ हे ध्यानात घेतले, आणि कुंपणांच्या मधून जाणारी वाडीची वाट डोळ्यांसमोर आणली, की वजनाने सुमारे बाराशे किलोची ही लहान गाडी या भागाला किती मानवते ते कळून येते.

पाण्याविषयी मात्र मला कळकळीने लिहिले पाहिजे. थार ६५० आणि गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कंपन्या सांगतात; ते माप पाण्याच्या खोलीचे आहे, पाण्याच्या ओढीचे नव्हे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीच्या पुराने काय केले ते या शहराने पाहिले आहे, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवून आणावे लागले तेही. जिथे आगगाडी थांबते, तिथे दीड-दोन टनांची गाडी घालणे हे शौर्य नव्हे. तसेच वाट सोडून भाताच्या खाचरांत चाके घालणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की फुटणारा प्रत्येक बांध कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे आणि तो फुटला की त्या माणसाचे लावणीचे पाणी वाहून जाते.

मोठ्या चाकाचा लाभ वाचून कोणी बाजारातून आणखी मोठे टायर आणून बसविण्याच्या मोहात पडू नये. वळताना आणि दबताना ते चाकाच्या कमानीला घासतात, वेगमापक प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवू लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करण्यास मुभा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच दंडक स्पष्ट केला आहे. कारागिराच्या शब्दावर विसंबून गाडीचे दाखले धोक्यात घालण्यापेक्षा, खरेदीच्या वेळीच योग्य निवड करणे शहाणपणाचे.

ती निवड करता यावी म्हणून कंपन्यांनी पत्रकाचा मजकूर बदलावा, अशी माझी मागणी आहे. मागच्या गोळ्याखालची उंची निराळी द्यावी, पोटाखालची निराळी द्यावी, चाक वर-खाली किती जाते ते द्यावे. आणि ही सारी मापे रिकाम्या गाडीची नव्हेत, तर चार माणसे व त्यांचे सामान आत बसवून घेतलेली असावीत.