‘नेमेसिस’चा तळ सपाट का होता?

वाफेच्या जहाजाचे नाव निघाले की प्रगतीचे गोडवे गाण्याची अभ्यासकांच्या एका वर्गाला जुनी खोड आहे. युरोपच्या यंत्राने झोपलेल्या चीनला जागे केले, असे हे प्रगतिपूजक भक्तिभावाने सांगतात. त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘नेमेसिस’ या लोखंडी तोफनौकेची रचना एकदा तरी डोळ्यांखालून घालावी.

१८३९ मध्ये इंग्लंडमधील बर्कनहेड येथे जॉन लेअर्ड यांच्या गोदीत ती बांधली गेली. लांबी १८४ फूट, रुंदी २९ फूट. पण पूर्ण भार घेऊनही ती पाण्यात जेमतेम ६ फूट बुडे. इतक्या उथळ, सपाट तळाची नौका समुद्रात वाऱ्यासरशी बाजूला ढकलली जाते. म्हणून तिला दोन सरकते कणे बसवले. समुद्रात ते खाली सोडायचे, नदीत वर ओढून घ्यायचे. पोटात लोखंडी आडभिंती घातल्या, म्हणजे तळ खडकावर फाटला तरी एकाच कप्प्यात पाणी भरावे. यंत्रे १२० अश्वशक्तीची आणि पुढे-मागे एकेक फिरती ३२ पौंडी तोफ. चहा-रेशमाच्या व्यापाराला यातले काय हवे होते? दुसऱ्याच्या नदीतून त्याच्या अंगणात शिरता यावे, यासाठीच तो तळ सपाट होता.

हेतू शुद्ध होता, तर लपवाछपवी कशाला? आदेश कंपनीच्या गुप्त समितीचा. नौका मात्र खासगी म्हणून मिरवली आणि १८४० मध्ये निघताना मुक्काम सांगितला काळ्या समुद्रावरील ओडेसाचा! या खटाटोपाचे सूत्रधार कंपनीचे अधिकारी थॉमस लव्ह पीकॉक हे उपरोधिक कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध होते. त्यांचा हा उपरोध मात्र चीनला फार महाग पडला.

७ जानेवारी १८४१ रोजी चुएनपीच्या लढाईत ‘नेमेसिस’च्या अग्निबाणाने एक चिनी युद्धनौका दारूगोळ्यासह उडाली. मार्चमध्ये कप्तान हॉल यांनी ही नौका मकाऊकडून कँटनच्या दिशेने अशा उथळ फाट्यांतून नेली, जिथे मोठ्या शिडाच्या युद्धनौका येऊच शकत नव्हत्या. ज्या अफूपायी हे युद्ध पेटले, तिच्यातील माळव्याचा माल मुंबई बंदरातून जात असे, हेही येथील प्रगतिपूजकांनी ध्यानात घ्यावे.

आणि चीन खरोखर झोपला होता काय? जून १८४२ मध्ये वुसुंग येथे इंग्रजांना चाकांच्या चिनी नौका आढळल्या. चाके होती, रचना होती. वाफेऐवजी आत माणसे ती फिरवीत होती. झोपलेल्यांची ही लक्षणे नव्हेत. दोनच महिन्यांनी, २९ ऑगस्टला, नानकिंगच्या तहाने हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडावी लागली आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरण्याचे कबूल करावे लागले.

‘नेमेसिस’ लोखंडी असली तरी चिलखती नव्हती. वाफ, उथळ तळ आणि जाड चिलखत यांचा मेळ पुढे फ्रेंचांच्या तरंगत्या तोफखान्यांत बसला. १७ ऑक्टोबर १८५५ रोजी किनबर्न येथे सुमारे ४ इंच जाडीच्या पत्र्यांवर रशियन तोफगोळे आदळून परतले. तो मारा मात्र दुसऱ्या तोफखान्याचा होता. चीनच्या नदीकाठच्या गावांचा नव्हे.