जास्तीच्या एका फुटाचा सोस

गेल्या दोन हिवाळ्यांत इच्छापोर-हझिरा पट्ट्यातील आपल्या मंडळींच्या बैठकींत एका नव्या विषयाने ठाण मांडले आहे. निवृत्तीची रक्कम हाती आलेले काही स्नेही आणि त्यांचे पुत्र-पुतणे कयाक नावाची अरुंद वल्ह्याची होडी घेऊन तापीच्या मुखाजवळील खाड्यांत फ्लाय रॉडने मासे धरू लागले आहेत. छंदाला आमची हरकत नाही. आम्ही स्वतःच त्याच्या आहारी गेलो आहोत. आमचा वाद आहे तो या मंडळींत वेदवाक्य होऊन बसलेल्या एका सूत्राशी. कयाकमध्ये माणूस पाण्यालगत बसतो, त्याची उंची घटते, म्हणून त्याने काठी लांब घ्यावी. नऊ फुटी नव्हे, दहा फुटी. हे सूत्र ऐकायला शास्त्रशुद्ध वाटते, त्यापायी खिसा अधिक हलका होतो, आणि ते चूक आहे. १६६४ साली आपण सुरत लुटली असे छाती पुढे काढून सांगणाऱ्या घरांतील माणसांनी आज सुरतेत बसून स्वतःला असे लुटवून घ्यावे, हा काळाचा न्यायच म्हणायचा!

ज्यांनी ही काठी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या गळात वजन आमिषाचे किंवा शिश्याचे असते आणि तंगूस त्यामागून ओढली जाते. फ्लाय म्हणजे पिसे-केस बांधून केलेली बनावट माशी किंवा मासळी. तिला वजन जवळजवळ नाही. म्हणून येथे वजन दोरीत असते. ती दोरी आधी पाठीमागे हवेत उलगडायची आणि मगच पुढे टाकायची. काठीवरचा क्रमांक या दोरीच्या वजनाचा: ८ क्रमांकाच्या दोरीचे पहिले तीस फूट २१० ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम भरतात. मागे गेलेली दोरी पाण्याला टेकली की सारा फेक फुकट जातो. लांब काठीचा पुकारा होतो तो येथेच.

आता हिशेब मांडू. काठावर उभ्या माणसाचा हात पाण्यापासून जेवढा उंच असतो, त्याहून कयाकमध्ये तो सुमारे अडीच फुटांनी खाली येतो. दहा फुटी काठी यातील भरून काढते किती? अगदी सरळ उभी धरली तरी एक फूट. उरलेले दीड फूट कोण देणार? खरे कारण निराळेच आहे. बसल्यावर मनगट सैल पडते, काठी खांद्यामागे आडवी होते आणि दोरी तिच्या टोकाच्या मागोमाग खाली जाते. काठी उंचावर थांबवण्याची सवय ज्याला नाही, त्याची दोरी बारा फुटी काठीनेही पाण्यातच पडेल. शिवाय ओढ तीच असताना दहा फुटी काठी मनगटावर नऊ फुटीपेक्षा नवव्या हिश्श्याने अधिक भार टाकते. बसल्या जागी पायांचा आणि कमरेचा जोर मिळत नाही, तो सारा भार मनगटच सोसते. आणि लांब फेक हवीच कशाला? कयाकचे सारे सामर्थ्य आवाज न करता माशाच्या जवळ सरकण्यात आहे. चाळीस फुटांवर काम भागते.

परंतु लांब काठीचा खरा दोष कळतो तो मासा लागल्यावर. मागील माघात ओहोटीच्या वेळी आमच्या दहा फुटी काठीला एक मध्यम जिताडा लागला. काठावर असतो तर चार पावले मागे सरकून त्याला ओढून घेतले असते. कयाकमध्ये मागे सरकायला जागा नसते. काठी लांब, पुढची तंगूसही तितकीच लांब, त्यामुळे मासा हाताच्या टप्प्यात येईना. आम्ही काठी डोक्यामागे नेली, दुसऱ्या हाताने तंगुसाकडे वाकलो आणि एकाच क्षणी काठीचे टोक मोडले व होडी कलंडली. अंगावर तरंगते जाकीट होते म्हणून हा लेख लिहिता येत आहे. खंबायतच्या आखाताजवळचे हे पाणी आहे. उधाणाच्या दिवसांत हझिऱ्याला भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरांहून अधिक असते. त्या ओढीत पडलेला माणूस पोहून काठाला लागला तरी पुढे मांडीभर चिखल असतो.

मग आखूड, सात फुटी काठी घ्यावी काय? तेही नाही. मासा होडीच्या नाळेखालून पलीकडे गेला, तर काठीचे टोक नाळेला वळसा घालून न्यावे लागते. नाहीतर दोरी होडीवर घासून तुटते. बारा फुटी कयाकमध्ये बैठकीपासून नाळ सहा-सात फुटांवर येते. नऊ फुटी काठी तेथवर पोचून वर दीड-दोन फूट उरते. लांबीचे खरे माप हे आहे: आपली उंची नव्हे, होडीची नाळ. वाहत्या नदीत उभे राहून पाण्यावर पडलेली दोरी सावरायला लांब काठी उपकारक ठरते हे आम्ही मान्य करतो. पण तो उपयोग उभ्या माणसाचा.

क्रमांकाविषयी थोडक्यात. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, त्यात ६ क्रमांकाची दोरी जड पिसांची मासळी ओढून नेत नाही. १० क्रमांकाने बसलेल्या माणसाचा खांदा तासाभरात भरून येतो. खाडीतील बोय, रावस आणि मध्यम जिताड्यासाठी ८ पुरे. १९९५ मध्ये सिंगणपोरचा कॉजवे झाल्यापासून भरतीचे खारे पाणी त्याच्या खालीच अडते; वरच्या गोड्या पाण्यातील मरळीलाही हीच काठी चालते. उरलेले पैसे आखूड, जड तोंडाच्या दोरीवर, लांब दांड्याच्या हातजाळ्यावर आणि चांगल्या जाकिटावर खर्चावेत. तंगूस सहा-सात फुटांचीच ठेवावी.

काही वृद्ध स्नेही या साऱ्यालाच साहेबी थेर म्हणतात. माशीची रीत साहेबाची खरीच. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास प्रांतातील कलेक्टराने १८७३ मध्येच येथील मासेमारीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पण गळाचा छंद त्याने आणला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरणच आहे. राजाच्या विनोदात जे बसले, ते आपल्या निवृत्तांच्या विनोदात बसायला अडचण नसावी.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. १९७३ पासून बाजारात आलेल्या या काठ्या कार्बन तंतूच्या असतात आणि कार्बन विजेचा वाहक आहे. आपल्या औद्योगिक पट्ट्यात उच्च दाबाच्या तारांना तोटा नाही. त्यांच्याखाली आणि गडगडाटात कोणतीही काठी उभारू नये. दहा फुटी तर नाहीच. (२०२२ मध्ये हझिऱ्यातच वर्षाला २०,००० टन कार्बन तंतू बनवणारा कारखाना उभारण्याची घोषणा झाली. उद्या काठी घरच्या मालाची झाली तरी तिची लांबी आपल्यालाच ठरवायची आहे.)

आमची दहा फुटी काठी नवे टोक बसवून परत आली आहे. उकाईच्या जलाशयाकाठी उभ्याने मासे धरणाऱ्या कोणा वाचकाला ती हवी असल्यास निम्म्या किमतीत देऊ. कयाकवाल्याने मात्र मागू नये.