न वाजलेली आठवण

'दुर्मिळ' या शब्दाशी माझे भांडण जुनेच आहे, वाचकांना ते पाठ झाले असेल. या आठवड्यात त्याला निमित्त पुरवले ब्रिटनमधल्या जुन्या स्काउट रेकॉर्डींच्या भावांनी. तिथे 1932 साली राल्फ रीडर या रंगकर्मीने डाउनच्या स्काउट तळावर पोहण्याचा तलाव बांधण्यासाठी लंडनच्या स्काला थिएटरात पोरांना घेऊन नाचगाण्यांचा कार्यक्रम बसवला. तोच पुढे 'गँग शो' झाला, चाळीसेक वर्षे चालला, त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. मोठ्या कंपन्यांच्या या रेकॉर्डी भरपूर छापल्या गेल्या, म्हणून आज स्वस्त. याउलट हौशी मंडळींनी पदरमोड करून काढलेल्या रेकॉर्डींच्या प्रती मोजक्याच, आणि विक्रेता तेवढ्यावरच भाव चढवतो. पण मोजक्या का, हे तो सांगत नाही. ब्रिटनमध्ये 1973 पर्यंत रेकॉर्डींवर खरेदीकर होता आणि शंभराच्या आत प्रती काढल्या तर तो माफ असे. म्हणून अनेक हौशी रेकॉर्डी बरोबर 99 प्रतींवर थांबल्या. ही दुर्मिळता कलेची नव्हे, करसल्लागाराची.

दुसरा घोळ प्रतवारीचा. सर्वांत वर 'मिंट', खाली 'निअर मिंट', आणखी खाली 'व्हेरी गुड'. यातली 'व्हेरी गुड' म्हणजे खरखर ऐकू येणारी, आणि नुसती 'गुड' म्हणजे जवळपास भंगार. लग्नाच्या जाहिरातीतल्या 'गव्हाळ' आणि 'मनमिळाऊ'चा अर्थ लावायला शिकलेल्या आपल्या समाजाला ही भाषा दोन दिवसांत जमेल. मुद्दा असा, की ही मोजपट्टी संगीतासाठी बनली. बीथोव्हेनच्या रेकॉर्डीवर ओरखडा म्हणजे नुकसान, हे मान्य. पण स्काउट मेळाव्याची, शेकोटीच्या गाण्यांची तबकडी कुणी सुरांसाठी घेत नसे. आपण तिथे होतो, म्हणून घ्यायची. घरी आणून पाहुण्यांना, शेजाऱ्यांना ऐकवायची. सुईने झिजलेल्या खाचा हा तिने आपले काम केल्याचा पुरावा. सर्वांत जास्त भाव मिळतो तो मात्र कधीच न वाजलेल्या प्रतीला. म्हणजे जिच्यातून कुणालाच काही आठवले नाही, तिला.

झिजलेल्या प्रतीत आवाजच उरला नाही तर ठेवा कसला, असे कुणी विचारील. आक्षेप वजनदार आहे, आणि एखाद्या रेकॉर्डीची एकच प्रत शिल्लक असेल तर मी तो मुकाट्याने मानीन. पण निदान एक चांगली प्रत असेल, तर तिच्यावरून आवाज एकदा नीट उतरवून ठेवता येतो. तो उतरला, की बाकीच्या प्रतींत आवाजापुरता फरक उरत नाही. फरक उरतो तो कव्हरावरच्या शाईत: मुलाचे नाव, पथकाचा क्रमांक, तंबूतल्या सोबत्यांच्या वेड्यावाकड्या सह्या. आणि विक्रेते नेमके हेच 'कव्हरवर लिखाण' म्हणून दोषांत मोजतात, किंमत पाडतात.

यावर व्यापाऱ्याचे उत्तर तयार असते: भावनेला भाव कसा लावायचा? पण तो तर ते रोज करतो. दुसऱ्या महायुद्धात रीडरच्याच हवाईदलातल्या गँग शोमध्ये पुढे सिनेनट म्हणून गाजलेला पीटर सेलर्स होता. त्याची अस्सल सही एखाद्या कव्हरावर सापडली, तर तिला लिखाणाचा दोष म्हणणारा विक्रेता मला दाखवा. शाई तीच, पुठ्ठा तोच. म्हणजे लिखाणाने मोल वाढते हे बाजाराला मान्य आहे. फक्त लिहिणारा पुढे सिनेमात गेलेला हवा. पोहण्याच्या तलावासाठी रंगमंचावर नाचलेली बहुतेक पोरे पुढे सिनेमात गेली नाहीत.