पोर मोठी झाली म्हणता, मग पोरगा कधी होणार?

'पोर बघता बघता मोठी झाली की रे!' हे वाक्य गेल्या सहा महिन्यांत मला दांड्यात किती जणांनी ऐकवलं, हे मोजायचं मी सोडून दिलंय. नाक्यावर ऐकलं, मासळीच्या टोपल्यांपाशी ऐकलं, हळदीच्या मांडवात ऐकलं. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत. वर्षभरात चपलेचे दोन नंबर वाढले. आईच्या खांद्याला लागली. परवा मी बातमी टाइप करत होतो, तर मागून वाचून म्हणाली, 'बाबा, हे वाक्य वरती येऊन गेलंय.' गेली अठरा-वीस वर्षं पत्रकारिता करतोय, डिप्लोमा आहे गाठीशी, आणि माझी कॉपी तपासतेय कोण, तर जी कालपर्यंत 'ळ' उलटा काढायची ती. नवल मलाही वाटतं. कुठल्या बापाला वाटणार नाही?

पण या वाक्याला आपल्याकडे एक शेपूट असतं. माझं भांडण त्या शेपटाशी आहे. 'मोठी झाली, आता वाळूत पोरांबरोबर खेळायला सोडू नको.' 'मोठी झाली, फ्रॉक बंद कर आता.' 'मोठी झाली, आईला हाताखाली घे म्हणावं.' कौतुक अर्ध्या वाक्यात संपतं आणि हुकूम सुरू होतात.

आमच्याच गल्लीत तिच्या वर्गातला एक मुलगा आहे, तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा. तो रात्री साडेनऊपर्यंत किनाऱ्यावर असतो. त्याच्या घरचे हाक मारत नाहीत, कारण 'लहान आहे अजून, खेळू दे'. आता मला कुणीतरी हिशोब समजावून सांगा. एक वर्ग, एक वर्गशिक्षिका, एकच गणिताचं पुस्तक. संध्याकाळी सात वाजले की त्यातली एक मोठी आणि दुसरा लहान, हे कसं होतं?

'अरे, मुली लवकर वाढतात, निसर्गच आहे तो.' हे उत्तर ठरलेलं. अर्धं खरंही आहे. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येतो. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली उंच दिसतात. पुढे दोन-तीन वर्षांत पोरं त्यांना मागे टाकतात. तेव्हा त्या पोरांना कुणी सांगतं का, 'वाढलास, चल, भाकऱ्या थाप'? निसर्गाने दोन वर्षांचा फरक ठेवला असेल, आपण त्याची जन्मठेप केली.

हे खूळ आपलंच आहे असंही नाही, कायद्यातसुद्धा ते बसलेलं आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीला लग्नासाठी १४ वर्षं लावली आणि मुलाला १८. १९७८ साली ते १८ आणि २१ झालं. आजही तेच आहे. मतदानाला दोघं अठराव्या वर्षी शहाणे, पण लग्नाला मुलगी तीन वर्षं आधी शहाणी! २०२१ च्या डिसेंबरात मुलीचं वय २१ करण्याचं विधेयक लोकसभेत आलं, समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये ती लोकसभाच संपल्यामुळे बारगळलं. माझं विचाराल तर दोघांनाही अठराच ठेवा. २०१८ मध्ये विधी आयोगानेही चर्चेच्या मसुद्यात तसंच सुचवलं होतं. पण ही फूटपट्टी दोघांना एकच लावा.

अकरा वर्षं म्हटलं की मला रखमाबाई आठवतात. याच मुंबईतल्या. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावून दिलं. नवरा दादाजी भिकाजी. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या आणि नांदायला जायला नाही म्हणाल्या. १८८४ मध्ये दादाजी हायकोर्टात गेला. पहिल्या न्यायाधीशाने १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात टिकला नाही. १८८७ मध्ये हुकूम झाला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटला बायाबापड्यांवर उपचार करत आयुष्य काढलं.

तेव्हा आपली मोठमोठी माणसं कुठल्या बाजूला होती? टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने रखमाबाईंवर झोड उठवली. १८९१ मध्ये संमतीवय दहावरून बारा करायचं म्हटलं, फक्त बारा, तर त्यालाही टिळकांचा विरोध. टिळक मोठेच होते, त्यांच्याविषयी मला आदर आहे, उगाच अंगावर येऊ नका. पण दहा वर्षांच्या पोरीला 'मोठी' समजणाऱ्यांत शिकलेली माणसंही होती, हे लक्षात असू द्या. रखमाबाईंनी टोपणनावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रं लिहून आपली बाजू मांडली होती. मला त्या आधी पत्रलेखिका म्हणून आवडतात आणि मग डॉक्टर म्हणून.

आता आपल्या कोळीवाड्याचं बोलू, कारण खरी गंमत इथे आहे. आपल्या बाया पहाटे तीनला उठून भाऊच्या धक्क्याला, ससून डॉकला जातात. अंधारात टेम्पो पकडतात, लिलावात पुरुषांच्या वरताण ओरडतात, बर्फाच्या पाण्यात हात घालून माल निवडतात, दारोदार विकतात, पैसा मोजून कमरेला लावतात. तेव्हा कुणाच्या तोंडून 'जमाना खराब आहे' निघत नाही. रात्री तीनचा अंधार चालतो, कारण बाई कमवायला चाललीय. त्याच बाईची नात संध्याकाळी सातला चेंडू घेऊन निघाली की सगळ्यांना जमाना आठवतो. म्हणजे अडचण अंधाराची नाहीच. पोरगी कामाशिवाय बाहेर दिसली, नुसती हसत, बागडत, वेळ घालवत, ते खुपतं. मुंबईतल्या तीन बायांनी, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी, २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात हेच म्हटलंय. बाईला रस्त्यावर काहीतरी निमित्त लागतं. हातात पिशवी, कडेवर पोर, कानाला फोन. पुरुषाला चहाची टपरी पुरते.

जरा चालत कार्टर रोडला जाऊन बघा. तिथे अकरा-बाराच्या मुली स्केटिंग करतात, कुत्रे फिरवतात, आठ-साडेआठ वाजले तरी कठड्यावर बसून गप्पा मारतात. समुद्र तोच, वारा तोच. तिकडे दिवे आहेत, फरसबंदी आहे, माणसांची वर्दळ आहे. इकडे किनाऱ्याकडे जायची वाट अंधारी आणि मग आपणच म्हणायचं, पोरीला कशाला पाठवतोस तिथे!

'आणि काही बरंवाईट झालं तर?' हा प्रश्न मी उडवून लावत नाही. बाप आहे, माझ्याही पोटात गोळा येतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदी काढून बघा, वर्षानुवर्षं बलात्काराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच असतो. नातलग, शेजारी, मित्र. तेव्हा पोर घरात बसली म्हणजे सुरक्षित झाली, हे समाधान फसवं आहे. आणि ज्यांची भीती म्हणून मुलीला आत बोलावता, त्या पोरांना आत का बोलावत नाही?

घरात बसून ती करते काय, तेही बघा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. आणि या पाहणीत सहा वर्षांपासूनची मुलंमुली मोजली होती. सहा! म्हणजे त्या २९९ मिनिटांत कुणाकुणाच्या सहावीतल्या लेकीचीही मिनिटं आहेत. तिला आपण 'किती समजूतदार' म्हणतो. भाऊ ताट जागेवर सोडून उठतो, ती उचलते, आणि पाहुण्यांसमोर कौतुक तिचंच.

माझ्या लेकीला गोल राखायला आवडतं. पोरांच्या टीममध्ये दोन वर्षं तीच गोलकीपर होती. गेल्या महिन्यापासून ती सोडून बाकीच्या तिघी मुली यायच्या बंद झाल्या. एकीची आई म्हणाली, 'भाऊ, घरचे ऐकत नाहीत.' मला त्या आईचा राग आला नाही. ज्या काका लोकांनी तिच्या सासऱ्याला चौकात अडवून 'सून काय, नातही मोकाटच का?' विचारलं, त्यांचा आला. तुम्ही ही पोस्ट वाचणार, मला माहितीये.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. किनाऱ्याच्या वाटेवर दिव्यांसाठी सह्यांचा अर्ज, आणि रविवारी ओहोटीला दोन तास वाळू फक्त मुलींच्या फुटबॉलसाठी. पोरांनी त्या वेळात काय करायचं, असं विचारणारे येतीलच. घरी भरपूर काम आहे, आयांना विचारा. अर्ज माझ्याकडे तयार आहे, सही करायची असेल त्यांनी संध्याकाळी घरी या. मुलींना घेऊन आलात तर चेंडूही आहे.