तीन मिनिटांचे गाणे आणि आपल्या लेकी

मध्य रेल्वेची उपनगरी गाडी मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटरवर कसाऱ्याला येऊन थांबते. पुढे थळघाटाची चढण. आसनगाव, आटगाव, खर्डी मागे पडली की महिलांच्या डब्यात बसायला जागा मिळते. नोकरीहून परतणाऱ्या मुली खिडकीशी डोके टेकतात आणि कानात गाणे लावतात. गेल्या श्रावणात बहिणीकडे जाताना भाची सोबत होती. तिने एक इअरफोन माझ्या कानात सरकवला. एका मराठी गायिकेचे नवे ‘सिंगल’ चालू होते. मी सवयीने म्हणाले, “हे पॉप-बिप काही आपले नव्हे गं.” ती शांतपणे म्हणाली, “शब्द मराठी, गाणारी मराठी, ऐकणारी मी मराठी. मग आपलं का नाही, मावशी?”

उंबरमाळी आले तरी मला उत्तर सुचले नव्हते. त्यानंतर मी ही गाणी लक्षपूर्वक ऐकू लागले. आज माझे मत बदलले आहे, आणि ते संकोच न बाळगता मांडावे असे वाटते.

‘सिंगल’ म्हणजे कोणत्याही चित्रपटाचा आधार न घेता स्वतंत्रपणे प्रसिद्ध होणारे एकच गाणे. शब्द नवा असला तरी प्रकार नवा नाही. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. रात्रभर रंगणाऱ्या गायकीला तेवढ्यात बसवण्याचे आव्हान एका स्त्रीने पेलले. मराठीतही हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे, माणिक वर्मा यांचे सूर तबकड्यांतून घराघरांत पोहोचले. ज्या भावगीताचा आपण अभिमान बाळगतो, ते या तीन मिनिटांच्या चौकटीतच वाढले. मग नातीचे ‘सिंगल’ ऐकून आजीने नाक का मुरडावे?

पुढे चित्रपटसंगीताने सारे अंगण व्यापले. १९७४ सालच्या ‘शिवकल्याण राजा’सारखी हृदयनाथांच्या संगीतातील आणि लतादीदींच्या आवाजातील निर्मिती चित्रपटाबाहेर राहूनही अजरामर झाली, हे खरे; परंतु नवोदित गायिकेला चित्रपटाच्या दाराशी ताटकळण्यावाचून फारसा मार्ग उरला नाही. २००२ च्या सुमारास अवधूत गुप्ते यांच्या संगीतातील ‘ऐका दाजिबा’ वैशाली सामंत यांच्या आवाजात गाजले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. माझ्याही. परंतु इंग्रजी आणि पंजाबी ठेक्यांवर नाचणारी महाविद्यालयीन मुले त्या वर्षी मराठी ठसक्यावर नाचली, हेही तितकेच खरे. मराठी गाणे ‘जुन्या लोकांचे’ नाही, हा विश्वास त्या आवाजाने दिला. त्याचे श्रेय आपण उशिरा का होईना, दिले पाहिजे.

आजची पिढी तर किती विविध आहे! सावनी रवींद्र यांना ‘बार्डो’ चित्रपटातील गाण्यासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार २०२१ मध्ये घोषित झाला. त्यांच्या स्वरातील तालीम आणि हळुवारपणा एकत्र ऐकताना मन प्रसन्न होते. सोनाली सोनवणे यांच्या ‘मी नादखुळा’सारख्या गाण्यांत मोकळ्या रानातला टवटवीतपणा आहे. २००८-०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये ज्या कार्तिकी गायकवाड आणि आर्या आंबेकर यांचे सारा महाराष्ट्र कौतुक करीत होता, त्या आता जाणत्या गायिका आहेत. आणि छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात! हाती एकतारी, ओठी बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता. कोणा निर्मात्याच्या शिफारशीविना, केवळ मोबाइलवरील चित्रफितीतून त्यांचा आवाज लाखो लोकांच्या काळजापर्यंत गेला. जे दार श्रीमंताला आणि ओळखीपाळखीच्यालाच उघडत असे, ते या माध्यमाने कष्टकरी भगिनीलाही उघडून दिले. सामाजिक समरसतेची भाषा बोलणाऱ्यांनी याचे मोल जाणले पाहिजे.

“पण स्त्रीने असे पुढे येऊन गावे का?” हा प्रश्न अजूनही दबक्या आवाजात विचारला जातो. तो विचारणाऱ्यांनी ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांकडे पाहावे. तेथे परंपरेने लग्न लावते ती धवलेरी. ती गाते, आणि तिच्या गाण्याने विवाह सिद्ध होतो. या मातीत स्त्रीचा स्वर पौरोहित्याच्या आसनावर बसलेला आहे. जात्यावरची ओवी तर घराघरांतली. तेव्हा गाणारी स्त्री ही पश्चिमेकडून आलेली नाही. पश्चिमेकडून आला तो केवळ ध्वनिमुद्रणाचा यंत्रसंभार.

याचा अर्थ सारेच गोड मानून घ्यावे असा नाही. अनेक गाण्यांत ठेका इतका चढा असतो की शब्द बुडून जातात. यंत्राने सूर घासूनपुसून घेतल्यामुळे दहा जणींचे आवाज एकीसारखे भासतात. ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद पुसला जातो. गीतकाराचे नाव शोधूनही सापडत नाही. हे दोष दाखवलेच पाहिजेत. पण दोष दाखवण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला असतो, न ऐकता निकाल देणाऱ्याला नव्हे.

माझ्या भाचीनेही एक गाणे रचले आहे. कसाऱ्याच्या पावसावरचे, चार कडव्यांचे. ते ध्वनिमुद्रित करण्यासाठी ती पगारातून पैसे साठवते आहे. तिचे वडील, आमचे भावोजी, सज्जन गृहस्थ. हरिपाठात त्यांचा आवाज साऱ्या आळीला ऐकू येतो. पण मुलीच्या गाण्याला ते ‘नसता नाद’ म्हणतात. मी त्यांना एवढेच म्हटले, “भावोजी, विरोध करायचा तर करा, पण आधी एकदा पूर्ण ऐका.” ते काही बोलले नाहीत. अद्याप ऐकलेले नाही. मात्र ती स्वयंपाकघरात गुणगुणते तेव्हा हल्ली ते बाहेरचा दूरदर्शन संच बंद करतात, असे बहीण सांगते.

आपल्या घरांतून एवढे तरी सहज होऊ शकेल. महिन्यातून एक नवे मराठी गाणे सर्वांनी मिळून ऐकावे. आवडले तर गायिका, गीतकार, संगीतकार यांची नावे सांगून दहा जणांना ऐकवावे. हळदीकुंकवाला, गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात गावातल्या मुलींना गाऊ द्यावे, आणि जमेल तेथे मानधनही द्यावे. भाषेचा अभिमान केवळ घोषणांनी टिकत नाही. ती भाषा ज्यांच्या ओठी तरुण राहते, त्यांची कदर केल्याने टिकतो.

शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. पाण्याची ही गत आपण पाहतोच आहोत. सुरांची तरी तशी होऊ नये. कसाऱ्यात उगवलेले गाणे आधी कसाऱ्याने ऐकावे.