नाव कुणाचं, पत्ता कुणाचा?

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीतला एक ॲप बनवणारा तरुण अचानक चर्चेत आला. जिओ आणि हॉटस्टार पुढे-मागे एकत्र येतील, हा अंदाज त्यानं २०२३ सालीच बांधला होता आणि ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ हे डोमेन स्वतःच्या नावावर करून ठेवलं होतं. विलीनीकरणाची बातमी पक्की झाल्यावर त्यानं त्या पत्त्यावर रिलायन्सला उद्देशून पत्रच लावलं. केंब्रिजमधल्या माझ्या शिक्षणाचा खर्च द्या आणि डोमेन घेऊन जा, असा त्याचा सूर होता. कंपनीनं नकार दिला. पुढे दुबईतल्या दोन लहान भावंडांनी ते डोमेन घेतलं आणि नंतर कंपनीला फुकट देऊ केलं. फेब्रुवारी २०२५मध्ये त्याच नावानं सेवा सुरू झाली.

माझ्या ओळखीच्या कॉलेजच्या पोरांनी या तरुणाला तेव्हा हिरो करून टाकलं होतं. हजारभर रुपयांत घ्यायचं आणि कोटीत मागायचं, यात चूक काय? एकानं तर थेट विचारलं, ‘सर, डोमेनचा धंदा जायज आहे ना?’

धंदा जायज आहे. पण त्या तरुणानं केला तो धंदा नव्हता, असं माझं मत आहे. त्याच्या हुशारीबद्दल वाद नाही. पण त्याच्या पत्त्याला जी किंमत आली, ती दोन शब्दांमुळे आली आणि दोन्ही शब्द दुसऱ्यांनी पैसा ओतून मोठे केलेले होते. समोर अंबानी आहेत म्हणून आपल्याला त्या पोराची बाजू घ्यावीशी वाटते. समोर कोपऱ्यावरचा बागवान असता तर आपण याला काय म्हटलं असतं?

मुळात डोमेन म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं. ती मालकीची जमीन नाही. वर्षाच्या बोलीनं घेतलेला पत्ता आहे. फी भरत राहिलात तोवर तुमचा, भरली नाही की काही मुदतीनंतर जो मागेल त्याचा. देताना कुणी विचारत नाही की या नावाशी तुमचा संबंध काय. जो आधी येईल त्याला मिळेल, एवढाच नियम. त्यामुळे व्यापार सुरू होणारच होता. ‘बिझनेस डॉट कॉम’ १९९९मध्ये ७५ लाख डॉलरना विकलं गेलं. त्यात कुणाचं काही लुटलं गेलं नाही, कारण ‘बिझनेस’ हा शब्द कुणाच्या बापाचा नाही. ज्याला आधी सुचलं, ज्यानं वर्षानुवर्षं फी भरली, त्यानं नफा कमावला. नाक्यावरचा प्लॉट वेळेत घेणाऱ्यासारखंच हे.

भानगड सुरू होते ती दुसऱ्याच्या पाटीला हात लावल्यावर. आपल्याकडे हे खटले फार लवकर आले. १९९९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ‘याहू इंडिया’चं प्रकरण गेलं आणि न्यायालयानं म्हटलं की इंटरनेटवरचा पत्ता ट्रेडमार्कचंच काम करतो. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ हा सामना झाला. एका अक्षराचा फरक. ‘रॅडिफ’वाल्यांचा खुलासा वाचण्यासारखा आहे : ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरं, ‘इन्फर्मेशन’चं एक, ‘फ्यूचर’चं एक आणि ‘फ्री’चं एक, असं मिळून आमचं नाव बनलं! न्यायालयाला हे पटलं नाही आणि मला वाटतं, सांगणाऱ्यालाही पटलं नसावं. मग २००४ साली ‘सिफी’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गोष्ट पक्की केली. डोमेनसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, पण दुसऱ्याच्या नावाखाली आपला माल खपवण्याविरुद्ध ट्रेडमार्कच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते डोमेनलाही लागू होतं.

जगभरच्या डोमेनसाठी ‘आयकॅन’ या संस्थेनं १९९९मध्येच तंट्यांचं धोरण केलं. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. डोमेन त्याच्या ट्रेडमार्कसारखं किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे, घेणाऱ्याचा त्या नावावर काही रास्त हक्क नाही आणि ते वाईट हेतूनं घेतलं व वापरलं. ट्रेडमार्कवाल्यालाच चढ्या भावानं विकण्यासाठी घेणं, हे वाईट हेतूचं उदाहरण म्हणून त्या धोरणातच लिहिलेलं आहे. ‘डॉट इन’साठी आपलं वेगळं धोरण आहे आणि ते जास्त कडक आहे. तिथे ‘घेतलं आणि वापरलं’ असं नाही, ‘घेतलं किंवा वापरलं’ असं आहे. म्हणजे नुसतं घेऊन गप्प बसलात, तरी हेतू वाईट ठरला तर नाव जाऊ शकतं.

थोडक्यात, सगळं नियतवर येऊन थांबतं. आमच्या वाचकांना हे नवीन वाटू नये. ओआयसीच्या फिक्ह अकादमीनं १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला होता की व्यापारी नाव, ट्रेडमार्क, पेटंट, लेखकाचे हक्क ही सगळी मालमत्ताच आहे. शरियतनं ती जपायला हवी, तिच्यावर हात टाकता येणार नाही आणि फसवणूक नसेल तर तिची खरेदी-विक्रीही करता येईल. डोमेनचा बाजार तेव्हा उभाही राहिला नव्हता. तरी त्या पोराच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

उरलेलं निम्मं अवघड आहे. नियत तपासायची कुणी आणि कुणाच्या खर्चानं?

इथे मला उझी निस्सान आठवतात. जेरुसलेममध्ये जन्मलेला, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात स्थायिक झालेला हा व्यापारी. निस्सान हे त्याच्या घराण्याचं नाव. हिब्रूत हा महिना आहे आणि अरबीतही. शाम-इराककडे एप्रिलला ‘निसान’च म्हणतात. १९८०मध्ये त्यानं स्वतःच्या नावानं गाड्यांच्या दुरुस्तीचा धंदा काढला. तेव्हा ती जपानी कंपनी अमेरिकेत आपल्या गाड्या ‘डॅटसन’ या नावानं विकत होती. पुढे त्यानं निस्सान कॉम्प्युटर सुरू केलं आणि १९९४मध्ये ‘निस्सान डॉट कॉम’ घेतलं. १९९९च्या डिसेंबरात मोटार कंपनीनं त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा ठोकला.

त्याच्या पत्त्यावर काही काळ गाड्यांच्या जाहिराती झळकल्या होत्या, आणि तेवढा भाग न्यायालयानं चूक ठरवला. ते बरोबरच होतं. पण डोमेन त्याच्याकडेच राहिलं. खटला वर्षानुवर्षं चालला. २०२०मध्ये करोनानं त्याचा मृत्यू झाला, तोवर नाव त्याच्याकडे होतं. तो जिंकला असं लोक म्हणतात. आपल्या वडिलांचं नाव वापरायची परवानगी मिळवायला उमेदीची वर्षं कोर्टात घालवणं याला जिंकणं म्हणायचं असेल, तर म्हणावं.

ही गोष्ट मला परकी वाटत नाही. महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावं पाहा : अत्तार, तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी, मणियार, शिकलगार. आमची आडनावं म्हणजेच आमचे धंदे. उद्या एखाद्या बड्या सुगंध कंपनीनं यातलं एखादं नाव आपल्या मार्क्यात बसवलं, तर सांगली-मिरजेतल्या खऱ्याखुऱ्या अत्तारांनी काय करायचं? कायद्यात सोय आहे. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३५ सांगतं की प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला मार्क्याचा मालक अडवू शकत नाही. पण हे कलम वकिलाकडून सांगून घ्यायलाही पैसे लागतात. आंतरराष्ट्रीय लवादाकडे एका डोमेनची साधी तक्रार करायची फीच १५०० डॉलर आहे. एवढ्यात आमच्याकडे दुकानाला नवीन शटर, फर्निचर आणि पाटी येते.

आणि आमच्या दुकानदारांना खरा त्रास बड्या कंपन्यांकडून होतच नाही. माझ्या माहितीतल्या एका बेकरीवाल्या चाचांनी वेबसाइट करून घेतली. करणाऱ्या पोरानं डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावानं घेतलं. तीन वर्षांनी दोघांचं बिनसलं तेव्हा त्यानं पत्त्याचे चाळीस हजार मागितले. चाचांच्या वडिलांनी भट्टी लावली होती, नाव पन्नास वर्षांचं, पण ट्रेडमार्क कधी केलेला नाही. वापरानं हक्क तयार होतो हे खरं, तो सिद्ध करायला जुनी बिलं लागतात, आणि बिलं ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही. चाचांनी घासाघीस करून पंचवीस हजार दिले. वकिलाचा खर्च धरला तर हिशेब बरोबर होता. पण त्या पोराला आता हा धंदा म्हणून ठाऊक झाला आहे, त्याचं काय?

म्हणून जमातींच्या बैठकांत, बाजार कमिट्यांत या विषयावर एकदा बोलायला हवं असं मला वाटतं. व्यक्तीच्या किंवा लहान उद्योगाच्या नावानं ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी साडेचार हजार आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. डोमेन कुणाच्या नावावर, कुणाच्या ईमेलवर आहे, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. लग्नाच्या एका दावतीत उरलेल्या बिर्याणीपेक्षा हे स्वस्त आहे.

आणखी एक अडचण आहे, ती फक्त आपली. आपली नावं रोमनमध्ये एका पद्धतीनं लिहिलीच जात नाहीत. ‘शेख’मध्ये कुणी ‘ए-आय’ लावतो, कुणी ‘ई-आय’, कुणी नुसताच ‘ई’. ‘तांबोळी’त कुणी ‘एल’ एकदा लिहितो, कुणी दोनदा. प्रत्येक स्पेलिंग म्हणजे एक वेगळं डोमेन, आणि तितक्याच जागा टपून बसणाऱ्याला मोकळ्या. देवनागरीत ‘डॉट भारत’ २०१४पासून मिळतं, मराठीसाठीही. दुकानाच्या पाटीवर जसं नाव आहे, अगदी तसंच तिथे लिहिता येतं. चाचांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ‘पण गिऱ्हाईक मोबाइलवर इंग्रजीतच टाइप करतं ना?’ करतं. म्हणून त्यांनी दोन्ही घेतली आहेत आणि या वेळी स्वतःच्या ईमेलवर.